कोजागिरीच्या आधी अंगण: ॲसिड की खराटा?

सेक्रेटरी (ए-३०१), सकाळी ७:४०
नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी सी-१०३ च्या आजी तुळशीजवळ घसरल्या. मुक्या मारावर निभावलं, पण कोजागिरी दोन आठवड्यांवर आलीये आणि दूध आपण अंगणातच आटवतो. साफसफाईवाल्याला विचारलं. तो म्हणतो ॲसिड मारू, वर चकचकीत कोटिंग देऊ, एका दिवसात काम. कुणाची हरकत?

ए-१०२, ७:४४
करून टाका. हिरवळ इतकी झालीये की म्हशी चरायला सोडाव्यात.

बी-१०१ काका, ७:५८
माझी हरकत आहे. आपली फरशी शहाबादी. म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड त्याचा वैरी.

ए-१०२, ८:०१
काका, आमच्या बाथरूममध्ये दर महिन्याला ॲसिड टाकतो. काही होत नाही.

बी-१०१ काका, ८:१५
बाथरूमच्या टाइल्स भाजलेल्या मातीच्या, वर काचेसारखा थर. दगडाला असलं चिलखत नसतं. बाटलीतलं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड चुनखडीवर पडलं की फसफसतं. बघणाऱ्याला वाटतं मळ निघतोय. मळ नाही, दगड विरघळतोय. वरचा गुळगुळीत पापुद्रा जातो, पृष्ठभाग खरबरीत आणि फिकट होतो, सांध्यातलं सिमेंटही पोखरलं जातं. मग पुढच्या पावसाळ्यात शेवाळाला धरायला आणखी जागा. कोटा आणि संगमरवराचीही हीच जात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण त्या मानाने दणकट. पटत नसेल तर जिन्याखाली उरलेल्या चार फरश्या पडल्यात, त्यावर लिंबू पिळून बघा.

बी-२०४, ८:५२
काका, आत्ताच खाली जाऊन पिळलं. बारीक बुडबुडे आले. दहा मिनिटांनी पुसलं तर तेवढाच गोल डाग निस्तेज दिसतोय, घासूनही जात नाही. मग घरी येऊन आईच्या काळ्या पाट्यावर पिळलं. तिथे काही नाही. आई विचारतेय आता पाटा कोण धुणार.

सेक्रेटरी, ९:०५
बरं, ॲसिड बाद. पण नुसतं कोटिंग तरी?

बी-१०१ काका, ९:२०
फरशीखाली माती आहे. जमिनीतली ओल वर यायला वाट शोधते, वर पातळ थर बसवला की ती अडकते. थर पांढुरका पडतो, मग पापड निघतात. आणि चकचकीत थर ओला झाला की घसरगुंडीच. लावायचंच असेल तर आत मुरणारं सीलर मिळतं, दगडाच्या छिद्रांत शिरतं, वर थर करत नाही. तेही डिसेंबर-जानेवारीत, पाऊस संपून दगड पुरता वाळल्यावर. आत्ता लावलं तर ओलीवर बूच.

सी-२०२ काकू, ९:३१
शेवाळाला ब्लीचिंग पावडर चालते हो. पाण्याच्या टाकीसाठी आणतो तीच. पातळ द्रावण, दहा मिनिटं, मग खराट्याने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. तुळस आणि कुंड्या आधी झाकून ठेवा, नाहीतर करपतील. हातमोजे घाला. एक मात्र बजावून सांगते, ब्लीचिंग आणि ॲसिड एकाच वेळी, एकाच बादलीत, एकाच दिवशीही नको. क्लोरीन वायू निघतो. आमच्या जुन्या घरी एकदा मोरीत झालं होतं, मला दोन दिवस खोकला होता.

ए-१०२, ९:३६
माझ्याकडे गाडी धुवायचा प्रेशर पंप आहे. अर्ध्या तासात लख्ख!

बी-१०१ काका, ९:४०
पंख्यासारखा फवारा ठेवा आणि लांबून. टोकदार धार सांध्यावर धरली की दरजा उकरल्या जातात, पाणी खाली झिरपतं, फरशी पोकळ वाजायला लागते. मग चालताना ‘डबडब’.

बी-३०२ ताई, १०:१२
मला वेगळंच सांगायचंय. शेवाळ सगळ्या अंगणात नाहीये. तुळशीपासून गटाराच्या जाळीपर्यंत एवढाच पट्टा हिरवा आहे. बाकी फरशी मागच्या वर्षीसारखीच. मी सकाळी बघून आले, जाळीत बदामाची पानं कोंबलेली आणि वरून एसीचं पाणी टपटप. एसी ए-विंगचा, पहिला मजला.

ए-१०२, १०:१५
😶 पाइप आजच वळवून घेतो.

बी-१०१ काका, १०:१८
शाब्बास ताई! मूळ तेच. पाणी साचू दिलं तर कुठलंही औषध जेमतेम महिनाभरच टिकेल. ढाळ बघायला बादलीभर पाणी ओता, कुठे थांबतंय ते कळेल.

सी-१०३ (नातू), ११:०२
आजी ठीक आहेत, थोडी कंबर धरलीये. मी वाचून दाखवतोय, त्या म्हणतायत, ‘आमच्या वाड्याच्या चौकात आणि न्हाणीत दगड गुळगुळीत झाला की छिन्नीने टाकी लावून घ्यायचो, पाट्याला लावतात तशी. बारीक टोचे पडले की पाय पकडतो. तुळशीच्या दिव्याखालच्या चार फरश्या तेवढ्या करून घ्या, सगळं अंगण नको.’

बी-१०१ काका, ११:०९
आजींना नमस्कार सांगा. हे कोटिंगवाल्याला सुचलं नसतं. टोचे उथळ हवेत, नाहीतर त्यातच माती बसेल. आणि दिव्याच्या तेलाच्या काळ्या डागांवर मुलतानी मातीचा दाट लेप, वर ओला कपडा, एक रात्र. वाळलं की खरवडून धुवा. एकदोन वेळा करावं लागेल. ताजमहालाच्या संगमरवरालाही पुरातत्त्व खातं हाच मातीचा लेप लावतं.

सेक्रेटरी, ११:३०
ठरलं. कोटिंगवाल्याला नको कळवतो. रविवारी सकाळी सातला खाली: आधी जाळी साफ, मग काकूंचं ब्लीचिंग, मग खराटे. लोखंडी ब्रश कुणी आणू नका, ओरखडे पडतात आणि त्याचे तुकडे राहिले की गंजाचे डाग. टाकीवाला कुणाच्या ओळखीचा आहे का? आणि मुलांना तोवर तिथे खेळू देऊ नका.

बी-२०४, ११:३३
पाटे टाचणाऱ्या एक मावशी मंडईच्या मागे बसतात. उद्या विचारते.

सी-२०२ काकू, ११:४१
खराटे किती आहेत आपल्याकडे? मला स्टोअरमध्ये दोनच दिसले, त्यातला एक टकला.