दुसऱ्याचं गाणं आपण गायचं की नाही? पेगी सीगर आणि लंडनचा तो नियम

शंखपुष्पी: पेगी सीगर, अमेरिकन बँजोवाली, प्रसिद्ध लोकगायक पीट सीगरची सावत्र बहीण. जन्म १९३५, न्यूयॉर्क. १९५६ मध्ये लंडनला आली आणि तिथल्या इवन मॅकॉल या लोकगायकाच्या प्रेमात पडली. पुढच्या वर्षी मॉस्कोच्या युवक महोत्सवातून, अमेरिकी सरकार नको म्हणत असताना, चीनला गेली. पासपोर्टवर गदा आली. अखेर १९५९ मध्ये ॲलेक्स कॅम्पबेल या स्कॉटिश गायकाशी कागदोपत्री लग्न लावून ब्रिटनमध्ये राहायची सोय केली. इथवर मानलं बाईला! पण पेगी आणि मॅकॉलच्या लंडनमधल्या लोकगीतांच्या क्लबात नियम होता: ज्याने त्याने आपल्याच भाषेतलं, आपल्याच परंपरेतलं गायचं. म्हणे कोणीतरी लेडबेली या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाचं 'रॉक आयलंड लाइन' हे रेल्वेचं गाणं कॉकनी, म्हणजे लंडनच्या कामगारवस्तीतल्या, उच्चारात म्हणत होता आणि पेगीला हसू आवरेना. मला हे सोवळं वाटतं. स्वतः देश बदलायचा आणि इतरांना गाणं बदलायला बंदी?

खडूफळा: सोवळं कसलं? नियम तिलाही होताच की. लंडनमध्ये राहूनही त्या मंचावर तिने अमेरिकन गाणीच गायची. तेव्हा तिथे स्किफलची, म्हणजे गिटार आणि घरगुती वाद्यांवर अमेरिकन लोकगीतं म्हणायची, साथ पसरली होती, जो तो गिटार घेऊन अमेरिकेतल्या रेल्वेची गाणी म्हणत सुटलेला. घरच्या आजीला काय येतं ते कोणी विचारायचं की नाही?

तापीकाठ: खडूफळा, +१. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला शहरातल्या पोरांनी अहिराणी गाणं बसवलं होतं. डोक्याला टॉवेल गुंडाळून, मुद्दाम हेल काढून. सगळा हॉल हसत होता. माझी आई तेच गाणं लग्नात हळद लावताना म्हणते, तेव्हा कोणी हसत नाही. त्या दिवशी असा नियम असता तर बरं झालं असतं.

उलटतपासणी: तापीकाठ, ती टिंगल होती, गाणं नव्हे. आणि नियम करणारे तरी कुठे धुतल्या तांदळाचे? मॅकॉलचं खरं नाव जिमी मिलर, जन्म इंग्लंडमधल्या सॅल्फर्डचा. आईवडील स्कॉटिश, एवढ्या भांडवलावर स्कॉटिश नाव घेऊन स्कॉटिश बॅलड, म्हणजे कथागीतं, गायला. त्याला सूट, कॉकनी पोराला मात्र हसू?

खडूफळा: आईवडलांची भाषा ती आपलीच. माझा मुलगा पुण्यात जन्मला म्हणून मालवणी त्याची नाही का?

जुनीकॅसेट: उच्चारावरून कसले भांडताय! सीगरांच्या घरी कामाला एलिझाबेथ कॉटन ही कृष्णवर्णीय बाई होती. डावखुरी. उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरायची, त्यामुळे सूर अंगठ्याने आणि खर्ज बोटांनी. लहानपणी रचलेलं 'फ्रेट ट्रेन' तिच्याकडून पेगी शिकली आणि इंग्लंडात घेऊन गेली. १९५७ मध्ये तिथे चास मॅकडेविटच्या स्किफल ग्रुपने ते गाजवलं, रचनाकार म्हणून नावं मात्र भलत्याच दोघांची! कॉटनला श्रेय मिळालं ते वाद झाल्यावर. आता सांगा, त्या बाईला जास्त काय लागलं असेल, कॉकनी उच्चार की गायब झालेलं नाव?

शंखपुष्पी: हे माहीत नव्हतं. मग नियम एवढाच हवा होता: गाणं कोणाचं ते आधी सांगा, पैसे त्याला पोचवा, मग खुशाल गा.

तापीकाठ: आणि टॉवेल घरी ठेवून या.