विज्ञानकथा कॉमिकमधील क्रॉसओव्हरचा अतिरेक

मूळ धागा (नौपाडा, ठाणे)
गेल्या रविवारी जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘एलियन्स व्हर्सेस प्रेडेटर’चे १९९० सालचे अंक मिळाले. डार्क हॉर्स या प्रकाशनसंस्थेच्या त्या मालिकेत दोन चित्रपटांतील प्राणी एकत्र आणण्यास सबळ कारण होते: एक जमात (प्रेडेटर) शिकारीसाठीच जगते आणि दुसरी (एलियन) ही तिला मिळू शकणारी सर्वांत अवघड शिकार आहे. पुढे मात्र अशा क्रॉसओव्हरची, म्हणजे वेगवेगळ्या कथाविश्वांतील पात्रे एकत्र आणण्याची, सवयच जडली. १९९१ मध्ये प्रेडेटर बॅटमनच्या शहरात उतरला, १९९५ मध्ये एलियन सुपरमॅनपर्यंत पोहोचले आणि २००० साली टर्मिनेटरही त्यांच्यात ओढला गेला. १९७९ च्या ‘एलियन’ चित्रपटात ज्याच्या नुसत्या चाहुलीने थरकाप उडत असे, तो प्राणी आता बोलावताच हजर होतो. शिवाय हक्कमालकांना आपापली पात्रे धडधाकट परत हवी असतात, त्यामुळे शेवटच्या पानावर सारे जिथल्या तिथे.

प्रतिसाद (वाशी)
निरीक्षण मान्य, निष्कर्ष नाही. सुपरमॅनचीच कथा घ्या. पिवळ्या सूर्यापासून दूर गेल्याने त्याची शक्ती ओसरते आणि एलियनचा गर्भ त्याच्याही छातीत वाढू लागतो. ज्याला गोळी लागत नाही, त्याला आतून पोखरले जाण्याचे भय त्याच्या नेहमीच्या शत्रूंनी क्वचितच दाखवले असते. १९९२ च्या ‘रोबोकॉप व्हर्सेस द टर्मिनेटर’मध्ये तर लेखक फ्रँक मिलर यांनी स्कायनेटला (टर्मिनेटर-कथेतील माणसांवर उलटणारी यंत्रबुद्धी) जाग येण्याचे मूळच मर्फीमधील, म्हणजे रोबोकॉप झालेल्या पोलिसामधील, माणूस व यंत्राच्या मिलाफात शोधले.

प्रतिसाद (ऐरोली)
काहीच बदलत नाही, हे विधान सरसकट आहे. १९९८ च्या ‘वाइल्डकॅट्स/एलियन्स’मध्ये लेखक वॉरन एलिस यांनी ‘स्टॉर्मवॉच’ या दुसऱ्या मालिकेतील नायकांच्या पथकातले कित्येक जण खरोखरच मारले, आणि १९९९ ची ‘द ऑथॉरिटी’ ही मालिका त्यानंतरच उभी राहिली.

मूळ धागा लिहिणारा
रोबोकॉपबाबत वाशीकरांचे म्हणणे मी मनापासून मानतो. तेथे दोन्ही कथांना एकमेकींची गरज होती. स्टॉर्मवॉचचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूचे आहे. मी ती मालिका क्रमाने वाचत होतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये पुढचा अंक उघडला, तर ओळखीची माणसे नाहीशी झालेली. आपलाच एखादा अंक निसटला असावा, असे समजून मी घरी येऊन सगळा गठ्ठा उपसला. ज्यांच्यात वाचकाचा जीव गुंतला होता, त्यांचे मरण दुसऱ्या कंपनीच्या परवान्यावर निघालेल्या, माझ्याकडे नसलेल्या अंकात घडले होते. ते त्यांच्या स्वतःच्या मासिकातच घडायला हवे होते.