जर्मनीत एम.एस्सी., एम.इंज. की डिप्लोम? मेकॅनिकलवाल्यांनी काय बघावं?

मेक_पुणे:
बी.ई. मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, सीजीपीए ८.२. जर्मनीतल्या मास्टर्सची यादी काढली तर कुठे एम.एस्सी., कुठे एम.इंज. (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग), ड्रेस्डेनला डिप्लोम नावाची जर्मन पदवी. विषय तोच, पण कुठे तीन सेमिस्टर, कुठे चार. पुढे पीएच.डी. करायची आहे. पदवीच्या नावाने फरक पडतो का? आणि काही ठिकाणी फी हजारो युरो का आहे?

राईनकाठ:
नाव बाजूला ठेवा, आधी क्रेडिट मोजा. बॅचलर आणि मास्टर मिळून ३०० ईसीटीएस, म्हणजे युरोपीय पद्धतीचे क्रेडिट, भरावे लागतात. एक क्रेडिट म्हणजे वर्गातली लेक्चरं, घरचा अभ्यास आणि परीक्षेची तयारी धरून २५ ते ३० तासांचं काम.

युनिव्हर्सिटीत बॅचलर बहुधा सहा सेमिस्टरचं, १८० क्रेडिटचं. म्हणून मास्टर चार सेमिस्टरचं, १२० चं. फाखहोखशूलमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या उच्चशिक्षण संस्थेत, बॅचलरला बऱ्याचदा कंपनीतलं एक सेमिस्टर जोडलेलं असतं, ते २१० होतं आणि मास्टर ९० क्रेडिटमध्ये संपतं. घोळ इथेच होतो. तुमचं बी.ई. त्यांनी १८० धरलं आणि तुम्ही ९० वाल्या मास्टरला अर्ज केलात, तर बेरीज २७० वर अडकते. मग एकतर नकार येतो, नाहीतर ३० क्रेडिटचे जादा विषय करण्याच्या अटीवर प्रवेश, म्हणजे एक सेमिस्टर वाढलंच. आपलं चार वर्षांचं बी.ई. किती धरायचं हे प्रत्येक संस्था आपापलं ठरवते, त्यामुळे अर्जाआधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

एम.इंज. मुख्यतः फाखहोखशूल देतात, एम.एस्सी. दोघंही. दर्जा कायद्याने सारखाच. ड्रेस्डेनचं डिप्लोम दहा सेमिस्टरचं, ३०० क्रेडिटचं, मास्टरच्या बरोबरीचं; पण ते पहिल्या वर्षापासून जर्मनमधून शिकायचं असतं, बी.ई. झालेल्याने त्यात पडू नये.

पीएच.डी.चा विचार पक्का असेल तर मी युनिव्हर्सिटीच सुचवेन. डॉक्टरेट देण्याचा हक्क मुळात त्यांचा. २०१६ साली हेसन राज्यातल्या फुल्डाच्या फाखहोखशूलला तो पहिल्यांदा मिळाला, नंतर इतरही काहींना, पण ठरावीक विषयांपुरता.

स्टुटगार्ट_वारी:
फीबद्दल: अभ्यासक्रमाच्या पानावर ‘कोन्झेकुटिव्ह’ की ‘वायटरबिल्डेंड’ ते बघा. पहिला प्रकार बॅचलरला जोडून येतो, सरकारी संस्थांमध्ये बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. दुसरा नोकरदारांसाठी: साधारण किमान एक वर्षाचा अनुभव मागतात आणि फी लावतात. पहिल्या प्रकाराला अपवाद बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्याचा. तिथे युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता बाहेरच्यांना फी लावली आहे.

आपले गुण जर्मन श्रेणीत (तिथे १ सर्वोत्तम) बव्हेरियन सूत्राने काढा: १ + ३ × (कमाल − तुमचे) ÷ (कमाल − किमान उत्तीर्ण). कमाल १०, किमान ४ धरले तर ८.२ चे होतात १.९. किमान उत्तीर्ण आकडा मात्र स्वतःच्या मार्कशीटवरून घ्या. तो ५ असेल तर हेच उत्तर २.०८ येतं आणि प्रवेशाला २.० ची अट असेल तिथे ती हुकते.

मेक_पुणे:
दोघांचेही आभार. बहिणीचं बी.फार्म. झालंय, तिलाही हेच लागू का?

राईनकाठ:
संशोधन किंवा औषध कंपनीत जायचं असेल तर हो, एम.एस्सी. चालेल. दुकानात फार्मासिस्ट व्हायचं असेल तर नाही. तिथे पदवी नव्हे, सरकारी परवाना लागतो. जर्मन विद्यार्थी त्यासाठी आठ सेमिस्टर, वर्षभर प्रत्यक्ष काम आणि तीन टप्प्यांची सरकारी परीक्षा, श्टाट्सएक्झामेन, देतात. परदेशी पदवीवाल्यांची समकक्षता तपासतात. कमी पडली तर ज्ञानचाचणी, शिवाय व्यावसायिक जर्मनची परीक्षा. तिने मास्टर शोधण्याआधी जर्मन सुरू करावं.