रुग्णाला बांधून ठेवण्याबाबतचे धोरण: कर्मचाऱ्यांसाठीच्या सूचनांत नेमके काय असावे?

निशिगंध
नमस्कार. मी मनोविकार विभागात वॉर्डची प्रमुख परिचारिका आहे. रुग्णावर बळाचा वापर करण्याबाबत आमची संस्था लेखी धोरण करत असून कर्मचाऱ्यांसाठीच्या सूचनांचा मसुदा माझ्याकडे आला आहे. जुन्या कागदात ‘आवश्यक असल्यासच, कमीत कमी वेळ, डॉक्टरांच्या आदेशाने’ एवढेच आहे. त्यात चुकीचे काही नाही. परंतु रात्रपाळीला दोन परिचारिका आणि एक सेवक आहेत, रुग्ण दारावर धडका देत आहे आणि डॉक्टर दुसऱ्या इमारतीत आहेत, अशा वेळी कोणी काय करायचे हे त्यावरून कळत नाही. उलट प्रत्येक प्रसंगासाठी नियम लिहीत गेले, तर त्याचे जाडजूड बाड होईल आणि ते कपाटात पडून राहील. कोणत्या बाबी ठामपणे लिहाव्यात आणि कोणत्या कर्मचाऱ्यांच्या विवेकावर सोडाव्यात?

दीपस्तंभ
मी मनोविकारतज्ज्ञ आहे. ज्या बाबतीत चूक झाल्यास जीव जाऊ शकतो, ती बाब कोणाच्याही विवेकावर सोडू नये, असे माझे मत आहे. रुग्णाला पालथे पाडून धरू नये. मान, छाती आणि पाठ यांवर कोणीही भार देऊ नये, कारण झटापटीने आधीच दमलेल्या माणसाचा श्वास त्यामुळे कोंडू शकतो. रुग्ण ‘श्वास घेता येत नाही’ असे म्हणाला, तर तो बोलतो आहे म्हणजे ठीक आहे असे न समजता पकड तत्काळ सैल करावी. शांत करणारे इंजेक्शन दिले असल्यास श्वसन, नाडी, रक्तातील ऑक्सिजन आणि शुद्ध यांची वारंवार तपासणी करून नोंद घ्यावी. बांधलेल्या हातापायांचा रंग आणि ऊब पाहावी, पाणी द्यावे, शौचालयाची सोय करावी. बराच वेळ हालचाल बंद राहिली तर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, हेही सूचनांत स्पष्टपणे यावे.

आदेशाविषयी एक मुद्दा. ‘गरज पडल्यास बांधावे’ असा आगाऊ आदेश केसपेपरवर लिहून ठेवण्यास पूर्ण मनाई असावी. अमेरिकेतील रुग्णालयांसाठीच्या केंद्रीय नियमांत अशी मनाई आहेच. तिथे हिंसक वर्तनामुळे बांधलेल्या प्रौढ रुग्णासाठी एका आदेशाची कमाल मुदत ४ तास असून पहिल्या तासाभरात प्रत्यक्ष तपासणी बंधनकारक आहे. मात्र कमाल मुदत लिहिली की तीच नेहमीची मुदत होऊन बसते. म्हणून बंधन कधी सोडायचे, हे घड्याळापेक्षा रुग्णाच्या स्थितीवरून ठरवावे आणि ते सोडण्याचा अधिकार परिचारिकेलाही द्यावा.

अनुभवी सिस्टर
दीपस्तंभ सरांचे सर्व मुद्दे मान्य आहेत, परंतु ते प्रसंग हाताबाहेर गेल्यानंतरचे आहेत. धोरणाचा मोठा भाग त्याच्या आधीच्या तासाभराविषयी असायला हवा. वॉर्डातील बहुतेक भडके अचानक उडत नाहीत: घरी सोडण्याची तारीख पुढे गेलेली असते, भेटीला येणारे आलेले नसतात, फोन नाकारला गेलेला असतो किंवा एकच प्रश्न चार जणांना विचारूनही उत्तर मिळालेले नसते. इंग्लंडमध्ये लेन बॉवर्स आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘सेफवॉर्ड्स’ पद्धतीचा भर याच बाबींवर आहे. वाईट बातमी कोण, कधी आणि कशी सांगणार हे आधी ठरवणे, हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या कर्मचाऱ्यांना माहिती देताना, प्रत्येक रुग्णाविषयी काही चांगलेही सांगणे, नकार देताना भाषा सौम्य ठेवणे, अशा साध्या गोष्टी त्यात आहेत. १५ रुग्णालयांतील ३१ वॉर्डांमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संघर्षाचे प्रसंग १५ टक्क्यांनी, तर बळ, सक्तीची औषधे, एकांत खोली यांसारखे उपाय सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले.

तुमच्या रात्रपाळीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र निव्वळ सूचनांमध्ये नाही. तिघांनी सुरक्षितपणे धरता येत नसेल, तर इतर रुग्णांना दूर नेणे, अंतर राखणे आणि एकाच व्यक्तीने बोलत राहणे, हेच लिहावे. मदतीला कोण आणि किती वेळात येणार, हे व्यवस्थापनाकडून लेखी घ्यावे. मनुष्यबळाची उणीव सूचनांनी भरून निघत नाही, हे मसुद्यासोबतच्या टिपणात नि:संकोचपणे नमूद करावे.

एक शुभार्थी
मला उपचारांदरम्यान बांधून ठेवले गेले होते. त्या वेळच्या वेदनेपेक्षा दुसऱ्या दिवशीची शांतता मला अधिक जड गेली. काय घडले, का घडले आणि त्या वेळी मला काय वाटत होते, हे कोणीही विचारले नाही. त्यामुळे प्रसंगानंतर रुग्णाशी बोलणे हा धोरणाचा सक्तीचा भाग असावा, आणि ते शक्यतो बांधण्यात सहभागी नसलेल्या व्यक्तीने करावे. दाखल होतानाच ‘अस्वस्थ झाल्यास आपल्याला कशाने बरे वाटते, कशाने अधिक त्रास होतो’ हे विचारून लिहून ठेवावे. कोणाला एकटे सोडलेले चालते, कोणाला एकटेपणाचीच भीती वाटते. इंग्लंडच्या २०१८ च्या बळाच्या वापराविषयीच्या कायद्यानुसार प्रत्येक सेवेने जबाबदार व्यक्ती नेमणे आणि रुग्णांना त्यांच्या हक्कांची माहिती देणे अपेक्षित आहे. आपला मसुदा करतानाही उपचार घेतलेल्या व्यक्तींना सुरुवातीपासून सोबत घ्यावे, अशी विनंती आहे.

निशिगंध
सर्वांचे मनापासून आभार. दाखल होतानाचा प्रश्न आणि बंधन सोडण्याचा अधिकार हे दोन्ही मुद्दे मी मसुद्यात घेत आहे. एक अडचण उरते: प्रामाणिक नोंदी केल्या तर त्या आमच्याच विरुद्ध वापरल्या जातील, अशी भीती सहकाऱ्यांना वाटते.

दीपस्तंभ
ती भीती निराधार नाही. म्हणून प्रसंगातून शिकण्यासाठी घेतलेली बैठक आणि शिस्तभंगाची चौकशी या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, असे धोरणातच लिहावे. मात्र छळ किंवा जाणूनबुजून केलेली इजा यांना त्या बैठकीचे संरक्षण मिळणार नाही, हेही त्याच परिच्छेदात असावे. नोंद करणाऱ्यापेक्षा नोंद टाळणाऱ्याला जाब विचारला जातो, असे वरिष्ठांच्या वागण्यातून दिसू लागले की नोंदी आपोआप सुधारतात.