मुलांना घेऊन लांबच्या ट्रेलवर सायकल : थोडी भर

कुणीतरी विचारलंय की ९ वर्षांच्या मुलीला रोज ४० किमी झेपेल का, तर माझ्या मते नुसत्या किमीवर जाऊ नका, चढ आणि समोरचा वारा किती आहे ते आधी बघा. पहिलीच वेळ असेल तर जुन्या बंद रेल्वेलाईनवर केलेला ट्रेल (सायकलची वाट) घ्या, रेल्वेला खडा चढ झेपत नाही म्हणून हे रस्ते बहुतेक सपाटच असतात, न्यूझीलंडचा ओटागो सेंट्रल रेल ट्रेल (१५२ किमी) किंवा अमेरिकेत मिसूरीतला केटी ट्रेल असलेच आहेत.

पण सपाट म्हणजे सोपं असं नाही हं. उघड्या शेतांमधून जाताना वारा समोरून आला की पोरं अर्ध्या तासात गळतात, तेव्हा एका मोठ्याने पुढे राहायचं, पोराला मागे आडोशाला घ्यायचं आणि दुसरा मोठा सगळ्यात शेवटी. वेग मात्र लहानाचाच. चाक छोटं, गिअर कमी, म्हणजे तेवढंच अंतर कापायला त्यांना आपल्यापेक्षा खूप जास्त पेडल मारावं लागतं हे आपण विसरतो आणि "चल गं लवकर" करत बसतो, तेवढं कृपया टाळा.

वाटेवर खडी असेल तर रुंद टायर, हवा जरा कमी. खाणं भूक लागायच्या आधीच द्यायचं, एकदा का पोर भुकेने रडायला लागलं की पुढचे ५ किमी संपता संपत नाहीत. आणि गावं लांब लांब असतात, पाणी दिसेल तिथे भरून घ्या.