पत्र्याला वाडग्याचा आकार देताना कडेला पडणाऱ्या सुरकुत्या

प्रश्न: घरच्या कार्यशाळेत मी १ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने उथळ वाडग्याचा आकार देत आहे; परंतु मध्यभाग खोल होऊ लागताच कडेला सुरकुत्या पडतात आणि पुढे पत्रा दादच देत नाही. यासाठी इंग्लिश व्हील (दोन चाकांमध्ये पत्रा दाबून त्याला वक्रता देणारे यंत्र) घ्यावे का?

उत्तर १: यंत्राची घाई करू नये. ठोक्यांनी धातू कठीण होत जातो, म्हणून तो दाद देत नाही. तो पुन्हा मऊ करण्यासाठी पत्र्यावर साबण घासून दुसऱ्या बाजूने ज्योत सतत फिरती ठेवावी आणि साबण काळपट होताच थांबावे, कारण ॲल्युमिनियम लाल न होताच सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा मात्र कधीही असा तापवू नये. त्याचा धूर घातक असतो.

उत्तर २: वरील सल्ला योग्यच आहे. सुरकुती लहान असतानाच ती ठोकळ्यावर हलक्या ठोक्यांनी बसवावी. एकदा घडी पडली की तेथेच पत्रा फाटतो. शेवटी गुळगुळीत पोलादी हातोडीने, गोल माथ्याच्या ऐरणीवर, ठोक्यांची जागा किंचित सरकवत मठारावे, म्हणजे हलके ठोकून पृष्ठभाग गुळगुळीत करावा. या कामाला वेळ लागतो, आणि तो द्यावाच. इंग्लिश व्हील मोठ्या, सौम्य वक्रतेच्या पत्र्यांसाठी उत्तम. एवढ्या वाडग्याला त्याची गरज नाही.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. पत्रा आता तापवून मऊ केला असून कडेपासून पुन्हा सुरुवात करत आहे.