मदत हवी आहे: बुद्धिबळासाठी विकतचं इंजिन (डाव तपासणारा प्रोग्राम) कुठलं घ्यावं? (शनिवारच्या आत)

मधला डबा:
मुलगा ११ वर्षांचा, जिल्ह्याच्या स्पर्धा खेळतो. रविवारी शेवटच्या फेरीत ड्रॉ केला. सर म्हणाले, जिंकलेला डाव सोडलास. पोरगं घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोललं नाही. रात्री मी इंजिन लावलं तर ०.००, म्हणजे ड्रॉच ना? सरांना स्क्रीनशॉट पाठवला, त्यांचं उत्तर 'नीट बघा'. दहा मिनिटं चालू ठेवलं, आकडा हलत नाही. फुकटचं म्हटल्यावर असंच असणार. विकतचं कुठलं चांगलं? लॅपटॉप ८ जीबीचा आहे, नवीन लागेल का? मला खेळता येत नाही, घोडा अडीच घरं जातो एवढंच माहीत. प्लीज लवकर सांगा.

उंटावरचा शहाणा:
कुठलं इंजिन? कशावर? पटावर काय होतं? नुसतं 'दुखतंय' म्हटल्यावर गोळी कुठली द्यायची?

मधला डबा:
लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर स्टॉकफिश इंजिन, फोनवर. पटावर काही नव्हतंच, सगळं मारून झालं होतं. लॅपटॉपचं सांगा ना.

निवांत पाटील:
एक पैसा घालवू नका. स्टॉकफिश फुकट आहे म्हणून हलकं नाही. २०२० च्या बाराव्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्क आहे. तुमच्या फोनमधलंसुद्धा भल्याभल्या ग्रँडमास्टरांना लोळवेल.

हिरवी मिरची:
लीला नावाचं दुसरं इंजिन आहे, ते वापरून बघा. माणसासारखं खेळते, मुलांना समजतं. फक्त चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं.

निवांत पाटील:
११ वर्षांच्या पोराच्या ड्रॉसाठी ग्राफिक्स कार्ड? उद्या डास मारायला तोफ मागवाल.

हिरवी मिरची:
लॅपटॉपचं त्यांनीच विचारलंय. धागा वाचत चला.

वैशाख वणवा:
मुळात या वयात इंजिन कशाला? १९९७ साली डीप ब्लू संगणकाने विश्वविजेत्या कास्पारोवला हरवलं तेव्हापासून डोकं चालवणं बंदच झालंय. आम्ही वाड्याच्या ओट्यावर खेळायचो, हरलो की समोरचाच सांगायचा कुठे चुकलो ते.

सांजवात:
माझी मुलगीही खेळते. दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला आणि आमच्या सोसायटीत तीन क्लास निघाले! घड्याळ मात्र डिजिटलच घ्या, चावीचं नको.

मधला डबा:
घड्याळ आहे हो.

उंटावरचा शहाणा:
मी परत विचारतो. 'मारून झालं' म्हणजे उरलं काय? घरांसकट सांगा.

मधला डबा:
पांढरा राजा ई५, पांढरं प्यादं ई४, काळा राजा ई७. बस. आमचा पांढरा.

उंटावरचा शहाणा:
अहो, तीन मोहरे! याला इंजिनचीही गरज नाही. सात मोहऱ्यांपर्यंतची प्रत्येक स्थिती टेबलबेसमध्ये सोडवून ठेवलेली आहे, लिचेसवरच दिसते. आता सांगा, चाल कोणाची होती?

मधला डबा:
ते इंजिनला कळत नाही? मी तर नुसते मोहरे मांडले.

उंटावरचा शहाणा:
कसं कळणार? मोहरे मांडायच्या पानावर आपोआप 'पांढऱ्याची चाल' असतं, तुम्ही ते तसंच ठेवलंत. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एक घर. इथे ज्याला हलावं लागतं तो फसतो. पांढऱ्याची चाल असेल तर प्यादं स्वतःच्याच राजामागे अडकलंय, म्हणून राजाच हलवावा लागतो. काळा पुन्हा समोर येऊन उभा, ड्रॉ. काळ्याची चाल असेल तर त्याला सरकावं लागतं. तो डी७ ला गेला की पांढरा एफ६ वर घुसतो आणि प्याद्याचा वजीर होतो. तेव्हा चाल बदलून बघा, आणि खरी कोणाची होती ते स्कोअरशीटवरून (चाली लिहितात त्या कागदावरून) सांगा.

मधला डबा:
बदललं. आता पांढरा जिंकतोय!! पण स्कोअरशीट ४१ व्या चालीलाच संपलंय.

वैशाख वणवा:
ही आजकालची शिस्त.

उंटावरचा शहाणा:
नियमातच आहे ते. घड्याळ पाच मिनिटांच्या आत आलं आणि दर चालीला ३० सेकंद वाढून मिळत नसतील, तर लिहायची सक्ती नाही. डबाभाऊ, ड्रॉ कोणी मागितला? आधी आपली चाल करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं, अशी रीत आहे. म्हणजे मागणाऱ्याची चाल झालेली असते.

मधला डबा:
झोपला होता, उठवून विचारलं. यानेच मागितला. राजा ई५ वर ठेवला आणि हात पुढे केला. का, तर 'प्यादं पुढे जातच नव्हतं, माझाच राजा मध्ये होता'. म्हणजे सर बरोबर. स्क्रीनशॉटसाठी आता त्यांना काय तोंड दाखवू?

सांजवात:
अहो, लेकराला झोपेतून कशाला उठवलंत!

मधला डबा:
तो आता झोपायलाच तयार नाही. आजोबांना काळा राजा देऊन बसवलंय, चौथा डाव चाललाय.

हिरवी मिरची:
मग लॅपटॉपचं काय ठरलं?